मोहाखालचं अंगण

आमच्या गल्लीत मला 'बादलीवाले काका' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण माझे कान अजून शाबूत आहेत. होळी होऊन गेली की आमच्या नंदनवन वस्तीत दोन वास सुरू होतात. एक कूलरच्या नव्या वाळ्याचा. गच्चीवरचे कूलर खाली येतात, गेल्या साली सडलेल्या ताट्या निघतात, नव्या बसतात, आणि पहिलं पाणी सुटलं की ओल्या मुळांचा थंडगार वास घरभर फिरतो. नागपूरच्या माणसाला त्या वासानं उन्हाळा आल्याचं दुःख होत नाही, उलट बरं वाटतं. दुसरा वास जळत्या पानांचा. कडुनिंब याच दिवसांत झडतो. सकाळी प्रत्येक जण आपल्या दारापुढचा पाचोळा झाडून कोपऱ्यात ढीग लावतो आणि काडी टाकून आत निघून जातो. मला तो वास आला की बसवत नाही. बादली भरतो, चप्पल सापडली तर घालतो, आणि जाऊन ढिगावर ओततो.

"काका, काहून ओतून राहिले जी? धुरानं मच्छर जातात ना," समोरच्या लोखंडेबाई म्हणतात.

"मच्छर जातात, मग घरंही जातात."

"अहो, सिमेंटचा रस्ता हाये. इथी कोणाचं घर जळून राहिलं!"

बरोबर आहे त्यांचं. सिमेंटच्या रस्त्यावर कडुनिंबाचा एक ढीग काय जाळणार? मी रिकामी बादली घेऊन परत येतो. बायको दारातच उभी असते, माझ्या ओल्या पायांकडे बघते आणि पायपुसणं पुढे सरकवते. वाद घालायला मला तोंड नाही, हे तिला माहीत आहे.

तीस वर्षं मी विमा कंपन्यांसाठी आगीची पाहणी केली. जळालेल्या जागी जायचं, आग कुठून लागली, कशी पसरली, काय काय गेलं ते लिहून द्यायचं. माझ्या लिहिण्यावर माणसांची भरपाई ठरायची. लकडगंजातल्या लाकडाच्या वखारी, आरा मशिनी, कापसाची गोदामं, महालातलं एखादं कापडाचं दुकान. कपड्यांना राखेचा असा वास यायचा की घरात शिरायच्या आधी मोरीत जावं लागे. आगीचं एक बरं असतं. ती खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. जिथं जास्त जळालं तिथून खुणा बघत बघत मागे चालत जायचं, की ती आपण होऊन सांगते आपला जन्म कुठला ते. आग अशी उलटी वाचायची हातोटी मला होती. लग्नाकार्यात चार लोक जमले की मी ते किस्से रंगवून सांगायचो आणि लोक माना डोलवायचे. मीच आपला फुगून बसायचो.

माझी मोठी बहीण कमलताई. उमरेडच्या बाजूला, जंगलाला अगदी लागून असलेल्या एका गावात तिनं नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. भाऊजी तिथेच शाळेत मास्तर होते. दोघं निवृत्त झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी सांगितलं, नागपुरात या, दवाखाने आहेत, विहार जवळ आहे, आम्ही आहोत. तर या दोघांनी गावाच्या शेवटच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे जागा घेतली. का, तर तिथं मोहाचं झाड होतं. आमच्या आजोबांच्याही आधीचं असावं. समोर स्लॅबची एक खोली, मागे कवेलूचं, म्हणजे कौलारू छप्पर असलेलं स्वयंपाकघर आणि कोठीची खोली, आणि त्याच्या मागे ते झाड. भाऊजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ताई तिथून हलली नाही.

मोहाचा हंगाम ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगणं अवघड. फागुन सरता सरता झाड सगळी पानं टाकून उघडं होतं. मग फांद्यांच्या टोकांना घोस लागतात आणि पहाटेपासून फुलं गळायला लागतात. टप. टप. द्राक्षाएवढी, पांढुरकी, रसानं भरलेली. वास असा गोड, जड, की जरा वेळ बसलं तर डोकं हलकं होतं. चैतात ताईकडे मुक्कामाला गेलो की त्या टपटपीनं जाग यायची. उजाडतंय न उजाडतंय तोच सगुणा आलेली असायची.

सगुणा म्हणजे टोल्यावरची, गावाबाहेरच्या वाडीवरची गोंड बाई, ताईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिची तिन्ही मुलं ताईच्या हातून जन्मली. ती, तिची सून आणि शेजारच्या दोघी, अशा चौघी टोपल्या घेऊन येत. फुलं वेचत, तिथंच पसरून वाळवत, आणि उन्हं चढायच्या आत बाजाराच्या गोष्टी करत निघून जात. ताई त्यांना चहा करी. जाताना त्या ओंजळभर फुलं ताईच्या पदरात टाकत आणि ताई त्यांची गोड भाकर करी. हिशेब कुणी केला नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगतो, जी मला तेव्हा दिसली नाही. फुलं पांढुरकी आणि खाली वाळक्या पानांचा घोटाभर थर. पानांतून एकेक फूल शोधता शोधता डोळे जातात. म्हणून जंगलात लोक आदल्या दिवशी मोहाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी होते, मोकळी होते, आणि सकाळी पांढरी फुलं लांबून दिसतात. ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. बहुतेक वेळा ती आग झाडाखालीच मरते. पण चैतातला वारा कधी कुठून उठेल सांगता येत नाही. तो उठला की झाडाखालची आग जंगलात शिरते आणि तिचा वणवा होतो. आमच्याकडचे पुष्कळ वणवे असेच लागतात.

ताईच्या मोहाखाली मात्र कधी काडी पेटली नाही. घराला लागून झाड, तिथं पेटवणार कसं? म्हणून शिवरात्र झाली की या चौघी खराटे घेऊन येत. झाडाखालचं तर झाडतच, पण फुलं वाळवायला जागा लागते म्हणून घरामागची सगळी जमीन थेट नाल्यापर्यंत झाडून काढत. पाला शेणखताच्या खड्ड्यात नेऊन टाकत, शेणानं सारवत. पुढे दोन महिने रोज झाडत. जंगल आणि ताईचं घर यांच्यामध्ये चैत-वैशाखात एक पान पडलेलं दिसायचं नाही. मी त्या अंगणात खाट टाकून झोपलोय, अहो! वर आकाश, खाली सारवलेली जमीन. आणि मला, आगीच्या पंडिताला, ते नुसतं स्वच्छ अंगण दिसलं.

ताईच्या घराचा विमा मीच दरवर्षी करून द्यायचो. दोन-अडीच वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर नूतनीकरणासाठी कंपनीच्या कचेरीत गेलो तर तिथं नेहा भेटली. ही पोरगी माझ्याच हाताखाली शिकलेली, आता साहेब झालेली. तिनं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कॉम्प्युटरवर एक नकाशा उघडला. हिरव्या रंगावर लाल ठिपके.

"सर, हे उपग्रहावरून टिपलेले वणवे आहेत. आणि हे तुमच्या ताईंचं घर."

घर ठिपक्यांच्या ऐन कडेला होतं.

"पूर्वी आपण घर बघायचो सर. भिंत कसली, वायरिंग कसं. आता घराच्या भोवतीचं बघावं लागतं. मागे जंगल आहे का, मोकळी जागा किती, झाड भिंतीपासून किती लांब. झाड आहे म्हणून यंदा नाकारणार नाही मी. पण 'धोका जास्त' असा शेरा बसेल, आणि पुढल्या वर्षी वरचे लोक काय म्हणतील ते माझ्या हातात नाही."

तिचं काही चुकलं नाही. आजही मी तेच म्हणेन. मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन ताईकडे गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून झाडाच्या बुंध्यापर्यंत चौदा फूट भरले. चौदा! मी मान हलवली, डॉक्टर एक्स-रे बघून हलवतो तशी.

ताई तांदूळ निवडत बसली होती.

"ताई, झाड काढावं लागते."

"कोणाचं?"

"आपलं. मोहाचं."

तिनं वर पाहिलं. "तुही तब्येत बरी हाये ना गा अशोक?"

"मस्करी नाही करून राहिलो. तीस वर्षं राख चाळली मी. मले समजते आग कशी येते ते."

"आग येते जंगलातून. झाड हाये आंगणात. मंग तोडाचं काहून?"

मी समजावून सांगितलं. पानं कवेलूवर पडतात, कवेलूखाली लाकडी फाटे आहेत, एक ठिणगी उडून आली तरी पुरे, झाड पेटलं तर फांदी थेट छपरावर. माझं एकेक वाक्य बरोबर होतं. अजूनही आहे. ताई उठली, मला हाताला धरून मागे घेऊन गेली आणि म्हणाली, "एक पान दाखव मले खाली." दिवाळीनंतरचे दिवस, झाड हिरवंगार, खाली खरंच पान नव्हतं. मी हसलो. "आज नाही, चैतात पडतीन ना!" ती म्हणाली, "चैतात तर सगुणा असते." ते मी ऐकलं, आणि सोडून दिलं.

शेवटी मी माझा ठेवणीतला बाण काढला. एकटी राहतेस, वय झालं, उद्या काही झालं आणि कंपनीनं हात वर केले तर कुठं जाशील? भाऊजींच्या मागे हे एवढंच घर आहे तुझं. ताईनं वर झाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू शिकला हायेस बाप्पा. कर तुले समजते तसं."

मोह तोडायला परवानगी लागते. त्यासाठी मी तीन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि प्रत्येक शिक्का मिळाला की खूश झालो. पौषात दोन माणसं मशीन करवत घेऊन आली. अर्ध्या दिवसात झाड आडवं. ताई त्या दिवशी मुद्दाम शेजारच्या गावी एका बाळंतिणीला बघायला गेली होती, संध्याकाळी आली ती सरळ समोरच्या खोलीत शिरली. फोटो पाठवले, पॉलिसी आली. 'धोका: कमी' असं त्यावर छापलं होतं. मी ते बोट ठेवून ताईला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, मग मला विचारलं, "हे वणव्याले वाचता येते का गा?"

रोग म्हशीला आणि औषध पखालीला अशी एक म्हण आहे. लहानपणी तिचा अर्थ पाठ केला होता. कळायला पासष्ट वर्षं लागली.

चैतात सगुणा टोपली घेऊन आली. पौषात ती मुलाकडे कामाला गेलेली, शिवरात्रीलाही परतली नव्हती, आदल्या रात्रीच आली होती; तिला काहीच माहीत नव्हतं. ताईनं मला नंतर फोनवर हसत हसत सांगितलं.

"काहून तोडलं वं नर्सबाई?"

"भावानं सांगतलं. विम्यासाठी."

"विमा म्हंजे?"

"घर जळलं तर पैसे भेटतात."

"आन नाही जळलं तर?"

"तर काही नाही."

सगुणा म्हणे जरा वेळ बुंध्याकडे बघत राहिली, मग "बरं हाये" म्हणाली आणि टोपली डोक्यावर ठेवून नाल्यापलीकडे निघून गेली. मीही हसलो फोनवर. दोघं भाऊबहीण हसलो.

त्या हंगामात मी एकदाच ताईकडे गेलो. टपटप नव्हती, म्हणून उठायला उशीर झाला. मागे गेलो तर सागाची, पळसाची वाळकी पानं वाऱ्यानं जंगलातून येऊन पडलेली, स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत. चालताना कुरकुर वाजत होती. ताईचे गुडघे गेलेले, ती समोरचं तेवढं झाडायची. मी पानांतून चालत नाल्यापर्यंत गेलो आणि परत आलो. झाड गेलंय, आता कशाची भीती, असं मनात म्हटलेलं मला आठवतं. तीस वर्षांचा अनुभव!

मग आठवड्यानं, दुपारी जेवून पडलो होतो, तर तिचा फोन आला.

"अशोक, मांगं धूर दिसून राहिला."

"किती लांब?"

"नाल्यापाशी."

मी शर्ट चढवत चढवत बोलत होतो. "खिडक्या लाव. सिलिंडर बाहेर काढ."

"निघत नाही गा, भरेल हाये."

"मग राहू दे. तू समोरून रस्त्यावर जा."

"माहं कपाट हाये ना कोठीत. वह्या हायेत माह्या."

"ताई, कपाट मरू दे! बाहेर हो!"

फोन तुटला. मी स्कूटर काढली. त्या उन्हात हँडल हाताला भाजत होतं. वाळका पाला किती वेगानं जळतो, छपराचं लाकूड किती वेळात पेट घेतं, धूर आधी कुठं भरतो, मला सगळं माहीत होतं. सगळं माहीत असलेला मी दिघोरीच्या सिग्नलला उभा होतो आणि समोर आकडे उलटे मोजले जात होते. नव्वद. एकोणनव्वद. शेजारचा मोटारसायकलवाला उसाचा रस पीत होता. त्याला धरून सांगावंसं वाटलं, अरे माझ्या बहिणीचं घर जळून राहिलं. काय सांगणार आणि तो काय करणार! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी बंब म्हणावा असाही नव्हतो. रस्ताभर मी तिला फोन लावत राहिलो आणि रस्ताभर तो लागला नाही.

पोचलो तेव्हा आग विझली होती. स्वयंपाकघर आणि कोठी बसली होती, कवेलू फुटून आत पडलेली, फाट्यांतून धूर निघत होता. समोरची स्लॅबची खोली काळी पडून उभी होती. टोल्यावरच्या बाया पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी पाला झोडपून झोडपून दमून बसल्या होत्या. फॉरेस्टचे दोन गार्ड पाठीवर पाला उडवायचं मशीन घेऊन कडेच्या ठिणग्या शोधत फिरत होते. आणि ताई मोहाच्या बुंध्यावर बसली होती. जिवंत. तिच्या मांडीवर सगुणाचा उजवा हात होता आणि ती त्याला पट्टी बांधत होती. मला रडू आलं. पासष्ट वर्षांचा म्हातारा सगळ्यांसमोर उभ्यानं रडलो.

सिलिंडर सगुणानं बाहेर काढला होता. जळत्या दारातून आत शिरून, लोळवत. तो फुटता तर समोरची खोलीही राहिली नसती, आणि बायाही.

"मीच लावली जी," सगुणा मला म्हणाली. "नाल्यापलीकडच्या मोहाखाली. काल लावली, कालच विझवली. पाय ठेवून पाह्यला जी मी. थंड होतं."

"हळू बोल वं," ताई म्हणाली. गार्ड दहा पावलांवर होता. जंगलात आग लावली म्हणून केस होते, तुरुंग होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं आग वाचायला निघालो. कोणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून सुरुवात केली, कारण तिथं जास्त जळालं होतं. भिंतीपासून काळा पट्टा मागे जात होता, सरळ, कुठंही न तुटता, जिथं दरवर्षी सारवलेली जमीन असायची तिथून. पाल्यानं भरलेला कोरडा नाला ओलांडला. पलीकडे सागाच्या गर्दीत एक मोहाचं झाड, त्याखाली राखेचं गोल रिंगण. रिंगणाच्या कडेला एक जुनं लाकूड अजून आतून धुमसत होतं. आगीचा जन्म तिथला. पण मी थांबलो नाही, थांबता आलं नाही. सगुणा या झाडाखाली का आली? अंगणातलं झाड गेलं म्हणून. आग भिंतीपर्यंत कशी पोचली? अंगण झाडायला कोणी उरलं नाही म्हणून. उलटं वाचत वाचत मी परत त्या बुंध्यापाशी येऊन उभा राहिलो. त्याचा वरचा भाग काळा झाला होता आणि त्यातही करवतीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

भरपाईचा फॉर्म मीच भरला. एक रकाना असतो, 'आग कशी लागली'. त्या रकान्यापाशी माझा हात अडला.

"लिही, माहीत नाही," ताई म्हणाली.

"माहीत आहे ना ताई. आयुष्यात असं खोटं लिहिलं नाही मी."

"सगुणाचं नाव लिहिशीन?"

"नाही."

"मंग तुहं लिही."

ती रागानं नाही म्हणाली. मीठ दे म्हणावं तसं म्हणाली. मी 'कारण अज्ञात' असं लिहिलं. कोठीतल्या कपाटात ताईच्या वह्या होत्या. तिच्या हातून झालेलं प्रत्येक बाळंतपण तिनं स्वतःच्या समाधानासाठी त्यात लिहून ठेवलं होतं. आईचं नाव, वेळ, बाळ रडलं की नाही. सरकारी नोंद वेगळी, ही तिची. वस्तूंच्या यादीत मी 'लाकडी कपाट, एक' एवढंच लिहू शकलो.

क्लेम बिनबोभाट मंजूर झाला. नेहाचा फोन आला, पोरगी मनापासून बोलत होती. "सर, बरं झालं तुम्ही झाड आधीच काढून घेतलं होतं. नाहीतर शंका काढली असती, अडकलं असतं." मी हो म्हणालो.

रागवायला कोणी सापडत नाही, हा या सगळ्यातला मोठा जाच आहे. नेहानं नियम सांगितला. कंपनीनं पैसे दिले. गार्ड धावून आले. सगुणानं तिच्या आजीनं केलं तेच केलं. वारा तर वाराच. आणि मी सगळं बरोबर केलं. आगीनंतरच्या दिवसांत एकदा सगुणाचं घर पाहिलं. कुडाच्या भिंती, वर गवत. ते ताईच्या घरापेक्षाही जंगलाच्या जवळ आहे. त्याचा विमा नाही, म्हणून त्याचा धोका किती हे कुणी कधी मोजलं नाही. नेहाच्या नकाशावर तिथं नुसता हिरवा रंग आहे. मी मनातल्या मनात मोजायला लागलो आणि अर्ध्यातच सोडून दिलं. मोजून करणार काय होतो?

ताईनं मागच्या दोन खोल्या पत्र्याच्या बांधून घेतल्या आणि तिथंच राहिली. मी आता तिला काही सांगत नाही. सांगायची हिंमत नाही. सगुणाच्या हाताची बोटं भरून आली, पण मिटत नाहीत.

त्याला दोन वर्षं झाली. यंदा त्या दोन वासांचे दिवस पुन्हा आलेत, वाळ्याचे आणि पानांचे. मागल्या आठवड्यात नेहाचा फोन आला, त्या भागात सगळीकडेच नियम कडक झालेत, घराच्या चारही बाजूंचे फोटो पाठवा, तीस फुटांच्या आत झाड-झुडूप काही नको. मी ताईकडे गेलो. आग वाचली त्या सकाळनंतर पहिल्यांदाच मागे गेलो. जळक्या बुंध्याच्या कडेनं फुटवे आले होते. कमरेएवढे. त्यांना तांबूस, कोवळी, लखलखीत पानं.

मी खिशातून फोन काढला. ताईनं माझ्याकडे पाहिलं, आत गेली, प्लास्टिकची खुर्ची आणली, ती फुटव्यापुढे ठेवली आणि पदर पसरून बसली.

"काढ फोटो."

"ताई, असं चालत नाही. उद्या आग लागली तर कंपनी म्हणेल, लपवलं. काहीच देणार नाही."

"आन तोडून टाकलं तर?"

"तर देतील."

"आग लागन का नाही?"

मी फोटो काढला. त्र्याहत्तर वर्षांची बाई खुर्चीत बसलीय, मागे काही दिसत नाही. पाहणीच्या आयुष्यात मी काढलेला हा पहिला खोटा फोटो. तो फोनमध्ये आहे. पाठवला तर लबाडी, न पाठवला तर विमा बंद, आणि खरा पाठवायचा तर आधी करवत. मुदत परवाची आहे. त्या फुटव्यांना फूल धरायला दहा-बारा वर्षं तरी लागतील.

आज सकाळी ताईला फोन केला. म्हटलं, फोटो पाठवू का, विचारावं तरी एकदा. ती बोलत होती आणि मागून खर्र खर्र आवाज येत होता.

"कोण झाडून राहिलं गं?"

"सगुणा. महिनाभर झाला, रोज येते. नाल्यापर्यंत झाडते."

"आता कशाला? फुलं कुठं हायेत?"

"फुलं नाहीत ना," ताई म्हणाली. "पण पाला तर पडते."

मागल्या आठवड्यात मी त्याच झाडलेल्या जमिनीवर उभा राहून फोटो काढला होता, आणि ते मला दिसलं नव्हतं. फोटोचं मी विचारलं नाही. फोन तसाच कानाशी धरून ऐकत राहिलो. खराट्याचा आवाज येत होता, एकाच हातानं झाडल्यासारखा, थांबून थांबून.